बुलेटकरांचा उलटा चातुर्मास

कार्तिकी एकादशीला पंढरपुरात देव जागे होतात, आणि साधारण त्याच सुमाराला टोरांटो परिसरातले बुलेटकर आपल्या गाडीला निजवतात. चातुर्मास म्हणायचा, पण महिने भरतात पाच. नोव्हेंबरात गाडी झाकली की एप्रिलपर्यंत ती काही रस्त्यावर येत नाही.

बुलेटकर हे आडनाव नव्हे, जमात आहे. मूळ गाव कोल्हापूर, सांगली, नाशिक, कुठलंही. हल्ली मुक्काम मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टन. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी कॉम्प्युटरची. विसाव्या वर्षी बुलेट मागितली तेव्हा वडिलांनी सेकंडहँड स्कूटरची किल्ली हातात ठेवली. तो सल वीस वर्षं जपला आणि शेवटी, जिथे जवळजवळ निम्मं वर्ष दुचाकी काढायची सोय नाही अशा ठिकाणी येऊन रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५० घेतली. घरी दिलेलं कारण मोठं भारदस्त होतं : ‘ही मूळची इंग्लंडची. थंडीची सवय आहे हिला.’ मूळची इंग्लंडातल्या रेडिचची, हे खरं. पण १९५५ पासून तिचं बिऱ्हाड मद्रासेत आहे, बुलेटकरांची गाडी तिथूनच आली, आणि तिथे थंडी कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नाही.

त्यात गॅरेज नाही. फ्लॅटबरोबर मिळालेल्या तळघरातल्या एकुलत्या एका जागेवर घरची चारचाकी उभी असते, आणि त्या बाबतीत वहिनींशी वाटाघाटी होत नाहीत. म्हणून बुलेट बाहेर, इमारतीच्या मागच्या उघड्या पार्किंगमध्ये.

दसऱ्याला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू झालं की तयारी सुरू होते. ऑइल आधी बदलायचं. ते वसंतात बदलू, असं म्हणणाऱ्याला बुलेटकर अडाणी समजतात, आणि ते बरोबर आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्लं साठलेली असतात, ती पाच महिने बेअरिंगांना चाटत बसतात. मग टाकी काठोकाठ भरायची. रिकाम्या टाकीतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर गंज धरतो. पेट्रोलमध्ये इथेही इथेनॉल असतं, आपल्याकडे उसाचं तर ओंटारियोत मक्याचं, आणि दोन्ही सारख्याच आवडीनं पाणी ओढतात. म्हणून टाकीत स्टॅबिलायझर ओतायचा आणि तो इंजेक्टरपर्यंत पोचावा म्हणून इंजिन थोडा वेळ चालवायचं. चेन पुसून वंगण, टायरात हवा थोडी चढवून, कारण थंडी वाढेल तशी ती आपोआप उतरते. गाडी उभी डबल स्टँडवर, स्टँडखाली प्लायवुडचा तुकडा.

खरं नाट्य बॅटरीचं.

हिला किक नाही. म्हणजे बॅटरी मेली की बुलेट म्हणजे नुसता शोभेचा पुतळा. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे पन्नासालाही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपास गोठते आणि फुटते. टोरांटोला जानेवारीत उणे दहा म्हणजे काही विशेष नाही. तेव्हा बॅटरी काढून घरात. पण ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात वहिनी नको म्हणतात. मुलाच्या खोलीत बुलेटकर नको म्हणतात. शेवटी मोकळा प्लग सापडतो तो देवघराशेजारी. जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते, अशी बुलेटकरांची श्रद्धा. जुन्या काळच्या बॅटऱ्यांबद्दल तीत तथ्य असेलही, आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना ती लागू नाही. तरीही बॅटरी पाटावर बसते. शेजारी समई, इकडे चार्जरचा हिरवा दिवा. संध्याकाळी शुभंकरोतीला मुलगा दोन्हीकडे बघून हात जोडतो.

आच्छादनाचा धडा बुलेटकर पहिल्याच हिवाळ्यात शिकले. निळी ताडपत्री स्वस्त पडते, पण तिच्यात ओल कोंडते आणि वाऱ्यानं फडफडून ती टाकीच्या रंगावर ओरखडे काढते. आता हवा खेळणारं कव्हर आहे, वर तीन पट्टे. उंदीर आणि खारी हा वेगळा विषय. एअर फिल्टरची पेटी त्यांना बाळंतपणासाठी पसंत पडते. म्हणून सीटखाली डांबरगोळ्या आणि सायलेन्सरच्या तोंडात भांड्यांची तारेची घासणी. ही घासणी वहिनींच्या सिंकवरून नाहीशी झालेली असते. घरात याची वाच्यता झालेली नाही.

दर रविवारी कोल्हापूरहून बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. ‘आठवड्यातनं एकदा सुरू करून ठेवत जा की! जाम होईल इंजिन.’ बाबांनी राजदूत चालवली आहे, त्यांना उलट बोलायचं कसं? पण बाबा चुकताहेत. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. लांब पल्ला मारला तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटं फुरफुर केली तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये मुरतं. निजलेली गाडी निजू द्यावी. बुलेटकर ‘हो बाबा’ म्हणतात आणि बॅटरीकडे कॅमेरा जाणार नाही याची काळजी घेतात.

जानेवारीत नांगराची गाडी पार्किंगमधलं बर्फ लोटते, ते नेमकं बुलेटवर. मग बुलेटकर फावडं घेऊन खाली. एकीकडे उकरायचं, एकीकडे कुणी विचारलं नसताना लेहच्या सफरीची आठवण सांगायची. ती सफर जुलैत झाली होती, हे ओघात राहून जातं. त्यांना एकच गोष्ट टोचते : ईरी सरोवराकाठचं पोर्ट डोव्हर. १३ तारखेला शुक्रवार आला की तिथे मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरते, १९८१ पासून, आणि पहिली भरली ती चक्क नोव्हेंबरात. फेब्रुवारीतल्या १३ तारखेच्या शुक्रवारीही काही महाभाग दुचाकीवरून पोचतात. बुलेटकर त्यांचे फोटो पाहतात आणि ‘सॉल्टनं गाडीची माती होते’ असं पुटपुटत फोन बाजूला ठेवतात. यात असूया आहे, पण मुद्दा खोटा नाही. रस्त्यावर टाकलेलं मीठ क्रोम आणि स्पोक खाऊन टाकतं.

गुढीपाडव्याच्या आसपास एखादं लख्ख ऊन पडतं. रस्ते कोरडे दिसतात, बुलेटकरांचा हात किल्लीकडे जातो. दिसतात कोरडे, पण मीठ तिथेच असतं. दोन-तीन चांगल्या सरींनी रस्ता धुतल्याशिवाय गाडी काढण्यात अर्थ नाही. तुमच्या नात्यात असा एखादा बुलेटकर असेलच. एप्रिलमध्ये त्याला आवर्जून फोन करा, आणि बटण दाबण्याआधी सायलेन्सरमधली घासणी काढायला सांगा.