मुक्कामाला प्लेगचं उपनगर

परगावी उतरायचं कुठं, या प्रश्नाचं मराठी माणसाचं उत्तर मुंबईनं केव्हाच ठरवून टाकलेलं आहे. पाहायचं शहर, राहायचं उपनगरात. म्युझियम, हायकोर्ट, समुद्र सगळं दक्षिणेला, बिछाना मुलुंडला किंवा बोरिवलीला, मधे लोकल. या हिशेबात उपनगर स्वस्त असतं, शांत असतं आणि मुख्य म्हणजे शहरापासून अमुक मिनिटांवर असतं. अंतर मिनिटांत सांगता येणं ही रेल्वेची कृपा आहे हे आपण विसरून गेलो आहोत, आणि विसरून हाच हिशेब बंगळूरला नेतो. बंगळुरात लोकल नाही. १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेची पायाभरणी जून २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली खरी, पण पायाभरणीत बसून कुठं जाता येत नाही. शिवाय इथली हापिसं शहराच्या पोटात नाहीत, कडेला आहेत: व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी, आउटर रिंग रोड. सकाळी गर्दी एका दिशेनं वाहत असती तर तिच्या उलट जाता आलं असतं. इथं पूर्वेच्या कडेला राहणारा दक्षिणेच्या कडेला कामाला जातो, दक्षिणेचा उत्तरेला, आणि सगळे एकाच चौकात भेटतात. म्हणून माझं म्हणणं असं की, बंगळुरात उपनगर अंतर पाहून निवडू नये, जन्मसाल पाहून निवडावं. जितकं जुनं तितकं बरं. १८९८ च्या आसपासचं मिळालं तर डोळे मिटून घ्यावं. डोळे मिटून हे शब्दशः, कारण प्रस्तुत लेखकाची शांततेची व्याख्या दुपारी दीड ते चार या वेळेपुरतीच आहे, आणि ज्या जागी त्या वेळेत घोरता येत नाही ती जागा, तिला कितीही झाडं असोत, तो शांत मानत नाही.

या कसोटीवर नवी उपनगरं कशी उतरतात ते पाहू. जाहिरातीतलं चित्र मोहक असतं. बावीस मजले, खाली पोहण्याचा तलाव, फाटकावर शिपाई, आणि ‘शहराच्या गोंगाटापासून दूर’ हे वचन. गोंगाटापासून दूर ते असतंच, फक्त पाण्यापासूनही दूर असतं. २००७ साली आसपासची ११० गावं एका फटक्यात महापालिकेत आली. कावेरीचं पाणी त्यांच्यासाठी म्हणून निघालं ते पाचव्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली सतरा वर्षं बोअरवेल आणि टँकर. आता टँकर हे वाहन मागं येताना गातं. पहाटे, दुपारी, केव्हाही गातं. बाविसाव्या मजल्यावर त्याचे शब्द लागत नाहीत, पण चाल पक्की पाठ होते. तरी हे कोरड्या दिवसांचं झालं. पाऊस पडला की उलटा प्रश्न येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या पूर्वेच्या पट्ट्यात इतकं पाणी साचलं की लॅपटॉपवाली मंडळी ट्रॅक्टरवर उभी राहून हापिसला गेली. ज्या वस्तीतून बाहेर पडायला ट्रॅक्टर लागतो तिला महाराष्ट्रात आपण उपनगर म्हणत नाही. तिथं आपण मतं मागायला जातो.

पण खरी आपत्ती रस्त्यावर आहे, आणि तिला वेळ द्यायला हवा, कारण तीही आपल्याला देते. समजा, सर्जापूर रोडवर मुक्काम आहे आणि सकाळी लालबाग पाहायची आहे. नकाशावर अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. बायकांनी पाणी भरून घेतलं, काकांनी टोपी घातली, टॅक्सी आली. नऊ वाजता निघून दहाला बागेत, साडेअकराला डोसा, एकला परत, दीडला आडवं. हा बेत कागदावर निर्दोष आहे. इब्लूरच्या चौकात त्यातलं पहिलं कलम गळतं. आगऱ्यापर्यंत डोसा बागेच्या आधी खावा की काय अशी चर्चा सुरू होते. आणि मग सिल्क बोर्ड येतं. सेंट्रल सिल्क बोर्ड ही रेशीम उद्योगाची केंद्रीय संस्था. तिचं कार्यालय ज्या चौकात आहे तो चौक देशभरात वेगळ्याच धाग्यानं प्रसिद्ध झाला. रेशमाच्या किड्याला कोश विणायला दोन-तीन दिवस लागतात, आणि या चौकात काचा वर करून बसलेल्या माणसाला त्या किड्याच्या मनःस्थितीविषयी एकदम आत्मीयता वाटू लागते. पाणी संपतं. टोपी निघते. चालक शांतपणे दुसऱ्या मोबाइलवर तिसऱ्याच भाषेतला सिनेमा पाहत असतो. कोरमंगलाकडून काढू का, असं तो विचारतो, पण तिकडं इजीपुऱ्याचा उड्डाणपूल आहे. त्याचं काम २०१७ मध्ये सुरू झालं आणि तो कित्येक वर्षं नुसत्या खांबांच्या रूपात उभा राहिला, पुरातत्त्व खात्यानं यावं इतका. मडिवाळा, डेअरी सर्कल, आणि अखेर लालबाग. हैदरअलीनं १७६० मध्ये सुरू केलेली, २४० एकरांची, १८८९ च्या काचघराची. ती पाहायला उरतात पस्तीस मिनिटं, कारण लगेच निघालं नाही तर संध्याकाळची गर्दी गाठेल अशी भीती सगळ्यांना एकदम वाटते, आणि वाजलेले असतात साडेअकरा.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आकडे पाहा. टॉमटॉम या नकाशे करणाऱ्या कंपनीच्या जागतिक यादीत २०१९ साली बंगळूर वाहतूककोंडीत जगात पहिलं होतं. २०२४ च्या यादीत ते तिसरं, दहा किलोमीटरला सरासरी चौतीस मिनिटं दहा सेकंद. यावर पुणेकर वाचकानं हसण्यापूर्वी पुढची ओळ वाचावी: चौथं पुणे आहे, तेहतीस मिनिटं बावीस सेकंद. म्हणजे पुणेकराला बंगळूरचा रस्ता अठ्ठेचाळीस सेकंदांनी परका वाटेल, बाकी घरचंच. आणखी पुरावा हवा असेल तर राहुल द्रविड घ्या. मराठी घरातला, बंगळुरात वाढलेला, पाच-पाच तास बाद न होता उभा राहणारा. संयमाची याहून वरची पातळी भारतानं पाहिलेली नाही. २०२१ मध्ये एका जाहिरातीत या माणसाला भडकलेला दाखवायचं होतं. तर लेखकानं त्याला कुठल्या गोलंदाजासमोर उभं केलं नाही, बंगळूरच्या वाहतुकीत गाडीत बसवलं. तो छतातून अर्धा बाहेर येऊन आपण इंदिरानगरचे गुंड आहोत असं ओरडला आणि देशाला ते पटलं.

व्हाइटफील्डविषयी मात्र टिंगल करवत नाही. ते नावापुरतं उपनगर नव्हतं, मनातलं होतं. १८८२ मध्ये म्हैसूरच्या चामराज वोडेयार महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला शेतीवाडीसाठी ३९०० एकर जमीन दिली, डी. एस. व्हाइट हे त्या संघटनेचे संस्थापक, त्यांचं नाव वस्तीला लागलं. ना धड साहेब ना धड नेटिव्ह अशी ती माणसं. कुणाच्याच शहरात त्यांना आपलं असं अंगण नव्हतं. त्यांनी गोल रस्त्याभोवती कौलारू बंगल्या बांधायच्या, फळझाडं लावायची, कुणाला उत्तर द्यायला लागू नये अशा अंतरावर जगायचं, असा तो बेत. नव्वदच्या दशकात शेजारी आयटी पार्क उभं राहिलं आणि ते अंतर संपलं. शांत उपनगर असण्याची शिक्षा हीच असते, की ते शांत आहे हे लोकांना कळतं.

म्हणूनच कळून, गर्दी होऊन, गर्दी पुढं निघून गेलेलं उपनगर हवं. बंगळुराला सीमेबाहेर जायची खोड जुनी आहे. १५३७ मध्ये केंपेगौडानं शहर वसवलं. त्याच्या वंशातल्यानं उभारलेले चार बुरूज लालबागच्या खडकावर, हलसूरला, केंपांबुधी तळ्यापाशी आणि मेख्री सर्कलजवळ आजही आहेत, आणि शहर त्यांच्यापलीकडं जाऊ नये अशी दंतकथा आहे. आज चारही बुरूज शहराच्या आत अडकले आहेत. १८९८ मध्ये प्लेग आला आणि जुन्या पेठांतली दाटी लोकांना घाबरवू लागली, तेव्हा उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी ही मोकळी, सरळ रस्त्यांची वस्ती भरू लागली. मुंबईत याच प्लेगच्या धसक्यानं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यातून दादर-माटुंग्याच्या आखीव कॉलन्या झाल्या. त्यामुळं मल्लेश्वरममध्ये शिरलेल्या दादरकराला रस्त्याची रुंदी, झाडांची सावली आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींची नजर यांत काही नवं वाटत नाही. हवा खेळती राहावी म्हणून आखलेल्या वस्तीत सव्वाशे वर्षांनंतरही हवा खेळते. दुपारी तर हवेशिवाय कुणी खेळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, ही उपनगरं नव्हेतच, हे तर शहर झालं. झालंच आहे, आणि तोच त्यांचा गुण. मॅजेस्टिकच्या मध्यवर्ती स्थानकाहून बसवनगुडीच्या तोंडाशी असलेलं नॅशनल कॉलेज स्टेशन मेट्रोनं तिसरं. सांगली-मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस यशवंतपूरला थांबते, आणि तिथून मल्लेश्वरम शेजारीच. पुण्या-कोल्हापूरच्या बसगाड्याही तुमकूर रस्त्यानं त्याच बाजूनं शिरतात. मराठी माणसानं मल्लेश्वरम ओलांडून सर्जापूरला जाणं म्हणजे निव्वळ हट्ट. शिवाय इथं आपलं थोडं जुनं येणं-जाणं आहे: १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांनी बांधवलं असं सांगतात. पुढं हे शहर मोगलांकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी तीन लाख रुपयांना घेतलं. आज तेवढ्यात पार्किंगची जागा मिळाली तरी नशीब. बसवनगुडीला लागून हनुमंतनगर. शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी मुलगा तिथं वाढला, शहर बसमध्ये कंडक्टर झाला, मग मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. बसच्या वेगानं तो आणखी काही करू शकला नसता.

दुसरा आक्षेप मेट्रोचा, आणि तो वजनदार आहे. २०२३ पासून जांभळी मार्गिका व्हाइटफील्डला जाते, ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका थेट सिल्क बोर्डच्या डोक्यावरून निघाली. कबूल. व्हाइटफील्डला मेट्रो स्टेशनातून चालत घरी जाता येत असेल तर माझा विरोध निम्मा उतरतो. पण नवी वस्ती स्टेशनपासून तीन किलोमीटर आत असते, आणि त्या तीन किलोमीटरला रिक्षावाला मीटरच्या ‘वन अँड हाफ’ मागतो, तेही तुमच्यावर उपकार म्हणून. पिवळ्या मार्गिकेवर तर सुरुवातीला तीनच गाड्या होत्या, पंचवीस मिनिटांनी एक. विमानतळाजवळ उतरावं म्हणणाऱ्यांनी देवनहळ्ळीला टिपू सुलतानाचं जन्मस्थान पाहावं आणि तिथूनच परतावं. शहर तिथून पस्तीस किलोमीटर आहे. आणि जुनं उपनगर मुकं असतं असाही माझा दावा नाही. संध्याकाळी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर चालता येत नाही, आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते तेव्हा झोप विसरावी. पण जत्रेचा गोंगाट आणि टँकरचा गोंगाट एकाच वहीत मांडणारा माणूस मला पटत नाही.

सर्वांत चिवट आक्षेप भाच्याचा. प्रत्येक मराठी घराचा एक भाचा बंगळुरात असतो आणि तो कडेलाच राहतो. ‘मामी, आमची गेस्ट रूम रिकामी असताना तुम्ही लॉजवर?’ या वाक्यापुढं भूगोल टिकत नाही. फुकटची खोली आणि विकतची टॅक्सी यांची बेरीज त्याला दाखवून उपयोग नाही, कारण प्रश्न प्रेमाचा आहे आणि तो खरोखर दुखावतो. आईपासून हजार किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाला मामीनं त्याच्या फ्रिजमध्ये डोकावून नाक मुरडावं असं मनापासून वाटत असतं. यावर उपाय एकच. एक रात्र त्याच्याकडं राहावं, नाक मुरडावं, आणि मग बसवनगुडीला हलून रविवारी त्यालाच इकडं बोलवावं. इडली आणि चटणी हवी असेल तर शंकरपुरातल्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये. तिथं सांबार मागू नये, ते १९६५ पासून करतच नाहीत. मसाला डोसा हवा असेल तर गांधीबाजारच्या विद्यार्थी भवनात, १९४३ चं. रांगेत नाव लिहायचं काम मामीनं करावं. नाव पुकारलं जाईपर्यंत सर्जापूरचा भाचा पोचतो. फक्त शुक्रवारी बोलावू नये. शुक्रवारी ते बंद असतं, आणि का बंद असतं असं पुणेकरानं तरी विचारू नये.