झिरोपासून बनवलंय!

थीमवाला ओळखायला फार वेळ लागत नाही. बोलता बोलता ‘झिरोपासून’ हा शब्द आला की त्याचा हात आपोआप लॅपटॉपचं झाकण थोडं खाली ओढतो. “काका, रेडिमेड काही नाही आपल्याकडे. तुमच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट म्हणजे एक एक ओळ हातानं लिहिणार.” काका खूश होतात. काकांनी आयुष्यभर ‘घरगुती चवीचं’ म्हणून केटररचं जेवण वाढलेलं असतं, त्यामुळे या वाक्याचा नेमका अर्थ खरं तर त्यांना कळायला हवा. पण समोरचा माणूस आपलाच डाव खेळतोय, हे कुणालाच चटकन दिसत नाही.

त्याचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात असतं. गिऱ्हाइकं ठरलेली: एक पतसंस्था, दोन दातांचे डॉक्टर, एक देवगडचा बागायतदार, ज्याला फक्त मार्च ते मे वेबसाइट लागते आणि पैसेही तेवढ्याच महिन्यांचे द्यायचे असतात. या सगळ्यांची ‘हातानं लिहिलेली’ वेबसाइट एकाच पायावर उभी असते. वर्डप्रेस टाकायचं, त्यावर अ‍ॅस्ट्रा नावाची थीम, म्हणजे वेबसाइटीच्या रंगरूपाचा तयार साचा. गिऱ्हाइकापुढे तिचं नाव ‘इंटरनॅशनल फ्रेमवर्क’. तेही खोटं नाही, जगभरच्या दहा लाखांहून अधिक वेबसाइटींवर ती आहे. फक्त ती बनवणारी कंपनी पुण्याची आहे, एवढंच तो पुण्यातल्या गिऱ्हाइकाला सांगत नाही. परदेशी वस्तूला भाव मिळतो. आणि पुण्याची म्हटलं की काका पत्ता विचारणार.

आता त्याची मूळ कारागिरी. अ‍ॅस्ट्राच्या फोल्डरशेजारी तो एक नवं फोल्डर काढतो आणि त्यात ‘स्टाइल.सीएसएस’ नावाची फाइल ठेवतो. तिच्या डोक्यावर थीमचं नाव म्हणून कार्यालयाचं नाव आणि पुढे ‘प्रो’. कर्त्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि मग ‘टेम्प्लेट’ अशी एक ओळ, तिच्यापुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. झाली चाइल्ड थीम तयार. ही शेवटची ओळ त्याच्या डोळ्यांत सलते, पण काढता येत नाही. काढली की वर्डप्रेसला वाटतं ही स्वतंत्र थीम आहे. मग ते बाकीच्या फाइली मागतं, आणि त्या याच्याकडे कुठल्या असायला!

ही फाइल ब्राउझरमध्ये कुणालाही उघडून वाचता येते. कुणालाही म्हणजे काकांच्या भाच्याला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा प्रत्येक कुटुंबात असतोच.

“मामा, हे अ‍ॅस्ट्रा आहे. फुकट मिळतं.”

थीमवाला अजिबात डगमगत नाही. “जीपीएल लायसन्स आहे, बाळा. घ्या, बदला, विका, सगळ्याला परवानगी आहे. आणि वर्डप्रेस तरी कुठून आलं? २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बीटू नावाचं आधीचं सॉफ्टवेअर घेऊनच सुरुवात केली ना? त्यांनी तरी कुठं झिरोपासून केलं?”

मुद्दा शंभर टक्के बरोबर. मागच्या आठवड्यात काकांना दिलेल्या वचनाच्या तो बरोबर उलटा आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. काका तर ‘लायसन्स’ हा शब्द ऐकूनच निर्धास्त झालेले असतात.

पण याला लबाड म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण त्याच्याहून वाईट जमात मी पाहिली आहे. ही मंडळी मूळ थीमच्याच फाइली उघडून त्यांत हात घालतात. रंग बदलला, मेन्यू हलवला, पैसे घेतले, गेले. मग एके दिवशी शाळेच्या शिपायाला लाल बिल्ला दिसतो, तो ‘अपडेट’ दाबतो आणि केलेलं सगळं काम पुसलं जातं. आमचा माणूस मूळ थीमला बोटही लावत नाही. त्याचे बदल वेगळ्या फोल्डरात, म्हणून अपडेट आलं तरी ते शाबूत. नवशिका असताना त्यानं मूळची ‘फंक्शन्स.पीएचपी’ जशीच्या तशी आपल्या फोल्डरात उतरवली होती आणि अख्खी साइट पांढरीफट्ट पडली होती. ही फाइल मूळच्या फाइलीची जागा घेत नाही, दोन्ही चालतात, आधी याची आणि मग मूळची. त्यामुळे तेच फंक्शन दुसऱ्यांदा दिसलं की गाडी थांबते. तेव्हापासून तो त्या फाइलीत अगदी मोजक्या ओळी लिहितो, त्याही देवाचं नाव घेऊन.

त्याचं खरं काम मात्र वेगळंच आहे, आणि ते त्याच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. या थीम मुळात इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या. मथळ्यांच्या ओळी इतक्या जवळजवळ की मराठी आली की वरचा रफार कापला जातो, खालचा उकार गायब. डिझाइनरनं शोभेसाठी अक्षरांत अंतर सोडलं असेल तर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ‘शुभविवाह’ सुटे दात लावल्यासारखा दिसतो. हा माणूस रात्री दीड वाजता बसून ओळींमधलं अंतर वाढवतो, अक्षरांमधलं शून्यावर आणतो, मुंबईच्या एक टाइपनं केलेला ‘मुक्त’ फॉन्ट लावतो. मग मोबाइल डोळ्यांजवळ धरून ‘कार्यालय’मधला रफार जागेवर आहे ना ते बघतो. मूळ थीमच्या कर्त्यांनी हे केलेलं नसतं. भाच्यालाही ते दिसत नाही. सबंध वेबसाइटीत निखळ त्याचं असं एवढंच असतं.

बिलात मात्र याचा उल्लेख नसतो. बिलात ‘संपूर्ण कस्टम डिझाइन’ला पंधरा हजार, ‘इंटरनॅशनल फ्रेमवर्क’ला पाच हजार, आणि तळाशी ‘मराठी करून देणे’ या ओळीपुढे ‘फ्री’. काका पहिल्या दोन रकमांवर पाऊण तास घासाघीस करतात आणि उठता उठता म्हणतात, “ते फ्री आहे ना, मग ते हिंदीतपण करून टाका.”