पुढच्या वर्षी तुम्ही नसलात तर?

बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त आयटीवाले काका असतात. ऐन उमेदीची वर्षं आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये काढल्यामुळे त्यांच्याकडे सहनशक्ती आणि सल्ले या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. मुलांना अन्नाची ओळख करून देणाऱ्या एका छोट्या संस्थेला आमचे काका हे दोन्ही फुकट पुरवतात.

संस्था साधी. चार-पाच ताया सरकारी शाळेत जातात, मुलांच्या हातावर नाचणी, अवरेकाळू (पावटे), कढीपत्ता ठेवतात, वास घ्यायला लावतात आणि पाकिटामागची साखर मोजायला शिकवतात. ४ ग्रॅम म्हणजे एक चमचा. काकांनी पहिल्याच बैठकीत लॅपटॉपवर रंगीत बाणांचा आराखडा उघडून विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही नसलात तर?" ताया दचकल्या. त्यांना वाटलं, काका पत्रिका बघतात.

हा प्रश्न ते भाजीवाल्यालाही विचारतात, लिफ्टच्या मेकॅनिकलाही. एकदा तर व्याह्यांना विचारला.

एका कंपनीने घसघशीत देणगी देऊ केली, पण अट अशी की वर्षात ५० शाळा झाल्या पाहिजेत. सगळे खूश, काकांचं तोंड कडू. "२०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के देतात. नफाच आटला तर आपली कोथिंबीर कोण आणणार?" तेव्हापासून ते महिन्याला शंभर-दोनशे देणारी माणसं लिफ्टमध्ये गाठतात. बरेच शेजारी आता जिन्याने येतात. तोही आरोग्याचा फायदाच.

एकदा शाळेत काकांनी प्रोजेक्टर लावला आणि वीज गेली. मग स्वयंपाकाच्या अक्कांनी पोरांदेखत ताटात नाचणीचं मुद्दे (उकडीचा गोळा) वाढलं. काका ते चावू लागले तसा वर्ग खिदळला. "ताता (आजोबा), चावायचं नाही, सारात बुडवून गिळायचं!" पाच मिनिटांत अक्कांनी काकांसकट अख्खा वर्ग शिकवला. त्या रात्री काकांच्या आराखड्यातले सगळे रंगीत बाण गेले आणि एकच ओळ उरली : हा तास शाळेच्या बाईंनी आणि अक्कांनी घ्यायचा, पुढच्या वर्षी त्या इथेच असणार आहेत. आता ताया त्यांना शिकवतात आणि पुढची शाळा गाठतात. संस्था हळूहळू वाढते, पण मागे ठेवलेलं टिकतं.

२०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, तेव्हा आनंदाच्या भरात काकांनी पेढे वाटले. परवा अय्यंगार बेकरीत गोड दिलपसंद खाताना पोरांनी त्यांना रंगेहाथ पकडलं. "ताता, सक्करे एष्टु?" म्हणजे साखर किती? काका घास गिळून म्हणाले, "स्वल्प."

असे काका तुमच्याही सोसायटीत असतील. लिफ्टमध्ये भेटले तर पळू नका, महिन्याचे शंभर रुपये लिहून द्या. प्रोजेक्टर तेवढा लपवून ठेवा.