तांबडी आणि तांबडा

मराठी मध्यमवर्गीय घरात रेड वाइनची बाटली दोन वाटांनी येते. एक, जावयाने आणली म्हणून. दोन, 'हार्टला चांगली असते' असं कोणीतरी सांगितलं म्हणून. हा कोणीतरी बहुधा साडू असतो आणि साडूला ते व्हॉट्सॲपवरून कळलेलं असतं. मूळ पाप मात्र व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचं. १९९१ साली अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने दाखवलं, की फ्रेंच माणूस लोणी-चीज हाणतो, तरी हृदयविकाराने कमी मरतो, आणि याचं श्रेय कदाचित रेड वाइनला असावं. तिथल्या दुकानांत रेडचा खप धडाधड वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नसल्याचं स्वच्छ सांगून टाकलं. तो फॉरवर्ड साडूकडून अजून यायचाय. तेव्हा प्यायचीच तर चवीसाठी प्या. औषधच हवं असेल तर काढा आहे. तोही तितकाच तुरट.

चवीसाठी म्हटलं की पहिली अडचण ही, की बाटली उघडलीच जात नाही. शोकेसमध्ये, पोराच्या ट्रॉफ्या आणि शिर्डीहून आणलेली मूर्ती यांच्या मधोमध ती उभी असते. का? तर 'जितकी जुनी तितकी भारी'. हे बोर्दोच्या तळघरांतल्या निवडक बाटल्यांचं झालं. हजार रुपयांच्या आतली देशी रेड लवकर संपावी याच हिशेबाने बनवतात. मे महिन्यात टीव्हीच्या शेजारी ठेवलेली वाइन मुरत नाही, शिजते. आणि उघडून अर्धी ठेवलेली बाटली दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत राखणाऱ्यांनी ती सरळ कोशिंबिरीत घालावी. फ्रिजमध्ये झाकण लावून तीन-चार दिवस, यापुढे तिचा व्हिनेगरकडे प्रवास सुरू होतो.

दुसरी अफवा 'रूम टेंपरेचर'ची. हा नियम ज्यांनी केला त्यांची रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची होती. आपली रूम जळगावात असते. कोमट रेडमध्ये अल्कोहोल तेवढं नाकात चढतं आणि फळाचा वास कुठे गेला ते कळत नाही. प्यायच्या अर्धा तास आधी बाटली फ्रिजमध्ये घाला. कोणी जाणकार हसला तर हसू द्या.

कारण जाणकारांचीही एक कुंडली आहे. २००१ साली बोर्दोमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे व्हाइट वाइन ठेवली होती, फक्त तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळलेला. पोरांनी तिचं वर्णन अगदी रेडच्या थाटात केलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने, जो स्वतः वाइन बनवतो, परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा ठेवायला लावली. दहांतला जेमतेम एक परीक्षक आपल्याच आधीच्या गुणांच्या जवळपास राहिला. आणि २००८ साली सहा हजारांहून जास्त झाकल्या चाचण्यांचा हिशेब मांडला गेला, त्यात किंमत ठाऊक नसलेल्या सामान्य माणसांना महागडी वाइन जास्त आवडली नाहीच, किंचित कमी आवडली. म्हणजे तुमची स्वस्त आवड ही गरिबी नसून विज्ञान आहे, असं बायकोला सांगायला हरकत नाही.

तरीही हे लोक ग्लास गरागरा फिरवून 'ब्लॅककरंट, सीडर, जुनं चामडं' असं म्हणतातच. सदाशिव पेठेत ब्लॅककरंट फक्त आइस्क्रीममध्ये भेटलेलं असतं. जांभूळ म्हणा, करवंद म्हणा, कोणी पोलिसांत देणार नाही.

आता घ्यायची कुठली? पिकते दारातच, तेवढ्यासाठी फ्रान्सला जायला नको. नाशिकला गंगापूर धरणाच्या आसपास सुलाने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली आणि तेव्हापासून तिथली पोरं 'व्हाइनयार्ड'ला जातात, बाप मात्र अजून मळ्यातच जातो. माझा जीव अडकतो तो अकलूजवर. ऊस, साखर कारखाना, सहकार आणि पंचायत समिती यांच्या त्या गावाजवळ मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर सांजोव्हेजे लावली. तोस्कानाची वेल आणि माळशिरस तालुका! या जिल्ह्याने याहून विचित्र युत्या पाहिल्यात म्हणा.

नवख्याने शिराझपासून सुरुवात करावी. शिराझमध्ये काळ्या मिरीचा जो झटका येतो तो लेबल लिहिणाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं, की रोटंडोन नावाचा एकच पदार्थ मिरीतही असतो आणि शिराझच्या द्राक्षातही. थंड हवेत तो जास्त उतरतो, उन्हात कमी. त्यामुळे आपल्याकडे झटका सौम्य. तो मटणाने भरून काढायचा.

मटणावर आलो, बरं झालं. हॉटेलांची मेनूकार्डं 'स्पायसी इंडियन फूडबरोबर फुल-बॉडीड रेड' असं बिनदिक्कत छापतात. छापणाऱ्याने कोल्हापुरात तांबडा रस्सा ओरपून त्यावर लगेच कॅबर्नेचा घोट घेतलेला नाही, एवढं नक्की. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडात उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. अल्कोहोल नेमकं तिथेच आणखी कळ काढतं. आणि द्राक्षाच्या सालीतलं, बियांतलं टॅनिन लाळेतली प्रथिनं धरून जीभ कोरडी पाडतं. म्हणजे आग लागलेली, त्यात रॉकेल ओतलं आणि बंबातलं पाणीही काढून घेतलं. तांबड्याबरोबर तांबडी नकोच. पांढऱ्या रश्शाबरोबर चालेल.

पण यावरून 'आपल्या जेवणाबरोबर वाइन जातच नाही' असा जो निष्कर्ष काढला जातो तो आळशीपणाचा. भांडण तिखटाशी आहे, मसाल्याशी नाही. भाजलेलं खोबरं, खसखस, तीळ, दालचिनी, मिरी यांच्याशी रेडचं उत्तम जमतं. सुकं मटण, मिरची हात राखून घातलेलं, चरबीचा एखादा तुकडा असलेलं, हा शिराझचा खरा जोडीदार. टॅनिनला पकडायला प्रथिनं हवीच असतात. मटण मिळालं की ते तुमच्या जिभेचा नाद सोडतं आणि तीच वाइन पुढच्या घोटाला मऊ लागते. मीठही हेच काम करतं. बेताचं मीठ घातलेल्या पदार्थाबरोबर रेड उगाच कडवट का लागते, याचं उत्तर त्यात आहे.

शाकाहाऱ्यांनी रुसू नये. खानदेशी भरीत घ्या. बामणोदची वांगी, कपाशीच्या काटक्यांवर भाजलेली, वर शेंगदाणे आणि तेल. तो धूर आणि ओकच्या पिंपातल्या रेडचा धूर एकमेकांना लगेच ओळखतात. हिरवी मिरची निम्मी करा. खानदेशी माणूस हे वाचून सदर बंद करायची मागणी करील, करू दे. भरल्या वांग्यांत गूळ-चिंच असते, तिथे झिनफँडेलसारखी फळकट, कमी तुरट वाइन बरी. आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत चांगली जोडी सांगायची तर कांद्याचं खरपूस थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. आयात केलेल्या चीजच्या चार चौकोनांसाठी पाकीट रिकामं करणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं. ठेचा बाजूला ठेवा. अगदी खोलीच्या बाहेर.

मिसळीबरोबर कुठलीच रेड नाही. नाशिकची मिसळ आणि नाशिकची वाइन हे एका जिल्ह्यातले दोन नेते आहेत, एका व्यासपीठावर बोलावू नयेत.

पुरणपोळीबरोबर कोरडी रेड ओतणारा एक वर्ग अलीकडे वाढलाय. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि हडकुळी होते, हा साधा हिशेब. तिथे गोव्याची पोर्ट काढा. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याची हद्द १७५६ साली आखली गेली. तिथल्या पोर्टमध्ये ब्रँडी घालून आंबणं अर्ध्यावर थांबवतात. गोव्यात त्या नावाने मिळते ती गोड, स्वस्त, कसलाही आव न आणणारी. जाणकार तिला नाकं मुरडतात. जाणकारांचं आपण वर पाहिलंच. बर्फ टाका आणि बेबिंकाबरोबर खुशाल प्या.

राहिला प्रश्न मिळण्याचा. आपल्या 'वाइन शॉप'मध्ये वाइन सोडून सगळं मिळतं. जाळीपलीकडे वाकून 'रेड दाखवा' म्हटलं की काउंटरवाला थेट रेड लेबल पुढे करतो. आपली बाटली मागे, ऊन खात पडलेली. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा महाराष्ट्र एका रात्रीत बुडणार असल्याची घोषणा झाली. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर अशा पुढाऱ्यांनी भाषणं केली ज्यांना दोन्हींतला फरक चांगला ठाऊक असावा. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकार गेलं, निर्णय बासनात गेला. १९४९चा दारूबंदी कायदा मात्र जागच्या जागी आहे, आणि पिणाऱ्याने परवाना काढायचा असतो, हे आपण सगळे आठवणीने विसरतो.

शेवटी मासे. तळलेल्या बांगड्याबरोबर रेड घेतली की तोंडात खिळा चघळल्यासारखं होतं, तो तुमचा भ्रम नाही. जपानी संशोधकांनी २००९ साली याचा छडा लावला: वाइनमधलं लोह माशातल्या तेलाशी भिडतं आणि शिळ्या मासळीचा वास उठवतं. कुठल्या बाटलीत लोह किती, हे लेबलवर छापत नाहीत. तेव्हा बांगडा असेल तर सोलकढी घ्या. तिला परवाना लागत नाही आणि ती थंड करूनच प्यायची, हे कोणाला सांगावं लागत नाही.