काचेचा भाव

जाणकार माणूस वाइन चाखून निवडतो, श्रीमंत माणूस किंमत बघून. मी उचलून निवडली. कलिंगड हातात तोलावं तशी एकेक बाटली तोलली आणि जी जड ती भारी, असा सरळ हिशेब केला.

हे घडलं अर्जेंटिनातल्या मेन्दोसात. ऑफिसच्या कामासाठी ब्वेनोस आयरेसला जायचं ठरताच मेहुण्यानं फर्मावलं होतं, "भावोजी, येताना माल्बेक वाइन आणा. चांगली बघा, पण उगाच महाग नको." या दोन अटी एकत्र आल्या की माझ्यातला संशोधक जागा होतो. राजधानीतल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळणारी वस्तू उगमापाशी स्वस्त पडेल, या विचारानं मी हजारेक किलोमीटर लांबच्या मेन्दोसाचं विमानाचं तिकीट काढलं. हा खर्च माल्बेकच्या हिशेबात धरलेला नाही. तो प्रवासखर्च.

तिथल्या दुकानात शिरताच मी वाचून आलेलं सगळं ओतलं. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या काओरचं. मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानं ते इकडे रुजवलं. त्याच्या कृषिशाळेचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी मांडला गेला, म्हणून तो माल्बेक दिन. पुढे १९५६च्या हिमानं काओरच्या बहुतेक बागा मारल्या, पण तोवर या वेलीनं परमुलखात संसार थाटला होता. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि शटर ओढलं. एक वाजला होता. आता पाचला उघडणार. दुपारची झोप हा आमच्याच गावाचा शोध, ही माझी समजूत तिथे संपली.

मग भाड्याच्या सायकलवरून शेजारच्या मायपूला निघालो. (सायकलभाडं: व्यायामखर्च.) तिथल्या बोदेगात, म्हणजे वाइनरीत, चाखायला देतात ती वाइन तोंडात घोळवून बादलीत थुंकायची असते. पैसे मोजलेली वस्तू थुंकणं आमच्या घराण्यात बसत नाही. गाइड मुलगी समजावत होती, की इथे वर्षाला पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, म्हणून अँडीजच्या बर्फाचं पाणी पाटांनी बागांत आणतात. इथल्याच ऊको खोऱ्यातल्या पुष्कळ बागा १,००० मीटरच्या वर आहेत. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे फळ पिकतं, तरी आंबटपणा टिकतो. मी प्रत्येक मुद्द्याला मान डोलावत होतो. मुद्दे संपल्यावरही डोलतच राहिलो.

परतीच्या वाटेवर चौदा टक्के अल्कोहोल आणि सायकल यांचं एकमत होईना. मेन्दोसात रस्त्याच्या कडेनं, झाडांच्या मुळांशी पाट वाहतात. कठडा वगैरे भानगड नाही. अँडीजचं बर्फ वेलींपर्यंत कसं पोचतं, हे मला कमरेपर्यंत समजलं.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजींनी माझे बूट उन्हात ठेवले, कोपऱ्यावरच्या दुकानातली माल्बेक साध्या ग्लासात ओतली आणि वर सोड्याची पिचकारी मारली. मी नुकताच जाणकार झालेला असल्यामुळे शहारलो. सोडा नको म्हणून दुसरा ग्लास घेतला. जांभळट रंग, पिकल्या आलुबुखारासारखी चव, घशाशी अजिबात भांडण नाही. किंमत विचारली, तर सायकलभाड्याहून कमी!

आजींनी मग शिकवणी घेतली. रोजच्या जेवणाला ताजी, ओकच्या पिंपात न मुरलेली घ्यावी. लेबलावर 'रेसेर्वा' लिहायचं तर इथल्या नियमानं लाल वाइन निदान वर्षभर मुरवावी लागते, आणि त्या वर्षभराचं भाडं गिऱ्हाईक भरतं. जड बाटलीत काच जास्त असते, वाइन तेवढीच, पाऊण लिटर.

हे सगळं नीट ऐकून, पटवून घेऊन, मी पाच वाजता दुकानात गेलो आणि तीन जड रेसेर्वा घेतल्या. मेहुण्याच्या हातात हलकी बाटली ठेवायची म्हणजे सासरी तोंड दाखवायला जागा नको.

निघताना विमानतळावर बॅग काट्यावर चढली आणि काउंटरवरची बाई गोड हसली. जादा वजनाचे पैसे वाइनच्या किमतीला मागे टाकून गेले. (सामानखर्च.) मुंबईत उतरल्यावर कस्टमचा हिशेब निघाला. सवलत दोन लिटरची, तीन बाटल्यांचे होतात सव्वादोन. वरच्या पाव लिटरवर शुल्क भरलं. (राष्ट्रकार्य.)

सासरी बाटली फुटली... म्हणजे बूच निघालं. सासूबाईंनी ती हातात तोलून पाहिली. "काच दणकट आहे हो. रिकामी झाली की तेलाला घेईन." मेहुण्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "कितीला पडली?"

मी दुकानातली किंमत सांगितली. बाकीच्या रकमा आपापल्या खात्यांत केव्हाच जमा झाल्या होत्या.

"एवढी स्वस्त?" मेहुणा म्हणाला. "मग पुढच्या वेळी सहा आणा."