नसल्यात जमा

परवा शेजारचा पोरगा पहिल्या नोकरीचा अर्ज घेऊन आला. ‘काका, इंग्रजी जरा बघता का?’ तिसऱ्याच ओळीत ठेच लागली : ‘आय हॅव लिटल टू नन एक्स्पीरियन्स.’ अनुभव नसल्यात जमा आहे, असं त्याला म्हणायचं होतं. कबुली प्रामाणिक, पण त्यात ही नन कुठून आली?

‘कॉन्व्हेंटात शिकलास ना? मग नन ओळखता येत नाही?’ तो हसला. म्हटलं, हसू नकोस, नियम तिथेच आहे. नन संसार मांडत नाही. मागोमाग नाम आलेलं तिला खपत नाही, ती एकटीच राहते. ‘एक्स्पीरियन्स? लिटल टू नन.’ पूर्णविराम. ‘नो’ मात्र पक्का संसारी. नामाचा हात धरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही : ‘लिटल टू नो एक्स्पीरियन्स.’ ‘माइन पेन’ म्हणतोस का कधी? ‘माय पेन’, पण ‘द पेन इज माइन’. नो आणि ननचंही तसंच. दोघं मूळचे एकाच घरचे. जुन्या इंग्रजीत ‘एकही नाही’ अशा अर्थाचा एकच शब्द होता, त्याच्या पुढे वाटण्या झाल्या.

आपली पंचाईत अशी, की ‘माझं पेन’ म्हणा नाहीतर ‘पेन माझं’, मराठीला फरक पडत नाही. पण खुद्द साहेबाची पोरंही इथे घसरतात. काही जण तर ‘नो’च्या आधी ‘के’ आणि शेवटी ‘डब्ल्यू’ लावून ‘नाही’चं ‘जाणणं’ करून टाकतात.

पुढची ओळ : ‘आय मेक लिटल टू नो मिस्टेक्स.’ आता नो जागेवर, पण लिटल हुकलं. लिटल लावायचं ते न मोजता येणाऱ्याला : पाणी, वेळ, अक्कल. चुका मोजता येतात; त्यांना ‘फ्यू टू नो’. आपण चुकत नाही हे सांगतानाच गड्याने एक मोजून दिली होती.

संध्याकाळी तो सुधारलेला अर्ज घेऊन आला. ‘टू नन’ गायब, लिटलच्या आधी एक इवलासा ‘अ’ : ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स.’ व्याकरण चोख! नुसतं ‘लिटल’ म्हणजे नसल्यात जमा, ‘अ लिटल’ म्हणजे थोडाफार आहे. सकाळी नसलेला अनुभव दिवस मावळेपर्यंत जमेच्या बाजूला!

याला नोकरी लागणार.