जून कुणाच्या डोक्यात असतो?

जून संपत आला. महिनाभर घरातले सगळेच धावले, पण तो अख्खा महिना सांभाळला एकाच डोक्यानं. बहुतेक घरांत ते डोकं बाईचं असतं. हातपाय रात्रीच्या झोपेनं ताळ्यावर येतात. डोक्याला मात्र सुटी नसते. ही दमणूक वाटून घेतली पाहिजे, एवढंच या आठवड्यात सांगायचं आहे.

२०२५ चा जून मे महिन्यातच येऊन थडकला. पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला. १९५० पासून तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. एरवी मुंबईत त्याची तारीख ११ जूनची. मधल्या त्या पंधरवड्यावर घरं विसंबून असतात. गव्हाला ऊन दाखवायचं, कुरडया कडकडीत वाळवायच्या, मसाल्याची मिरची कुटून आणायची, पन्हळीत साचलेला पाला काढायचा. पावसाची बातमी सगळ्या घरानं ऐकली. ‘गच्चीवर कुरडया आहेत’ हे एकीलाच आठवलं.

मग विदर्भ सोडून बाकी राज्यात १६ जूनला शाळा उघडल्या. वह्यांना कव्हरं, आखूड झालेला गणवेश, नवा रेनकोट, डब्याचं झाकण, रिक्षावाल्या काकांची बदललेली वेळ. आणि रात्री उशिरा मोबाइलवर येणारा निरोप: उद्या येताना पासपोर्ट फोटो आणि आधारची प्रत आणावी. तो निरोप आईच्या मोबाइलवर येतो. आईची दखल आता नावातही आहे: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लागतं. निर्णय चांगला आहे, मला त्याचा आनंद आहे. आता शाळांनी पुढचं पाऊल टाकावं. निरोप दोघांच्याही मोबाइलवर पाठवावा आणि चार दिवस आधी पाठवावा. याला अनुदान लागत नाही.

थोरल्याचं अकरावीचं वर्ष. ऑनलाइन प्रवेश आधी काही मोठ्या शहरांपुरता होता, २०२५ पासून तो राज्यभर झाला. एका अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम. अर्ज मुलगा भरतो, पैसे बाप भरतो. पण पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय, अर्जाचा दुसरा भाग कधीपर्यंत भरायचाय, सेतू केंद्रातून दाखला आला की नाही, आला तर त्याच्यावरचं स्पेलिंग गुणपत्रिकेशी जुळतं का, हे सगळं ज्या डोक्यात फिरत असतं त्याचं काम कुणाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्याचे आभारही कुणी मानत नाही.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. हे ८८ सुद्धा त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचे. ज्यांनी लावलाच नाही ते या सरासरीत नाहीतच. आणि २८९ मिनिटांत मोजली गेली ती मुख्यतः हातानं केलेली कामं. भाजी चिरताना उद्याच्या फीची तारीख आठवत असते, ती मिनिटं कोणत्या रकान्यात लिहायची?

घरोघरचे पुरुष एक वाक्य अगदी मनापासून बोलतात: ‘तू फक्त सांग, मी करतो.’ त्या मनापासूनपणावर माझा विश्वास आहे. पण सांगायचं म्हणजे आधी लक्षात ठेवायचं, वेळ साधून बोलायचं, झालं का ते विचारायचं आणि नसेल झालं तर पुन्हा बोलायचं. करणाऱ्याचं एक काम होतं, सांगणारीची चार होतात. वर ‘सारखी मागे लागते’ हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच.

२० जूनला पालख्या पुण्यात आल्या. दरवर्षी मी दर्शनाला जाते, यंदा दिंड्यांचं काम बघत बसले. वीणेकऱ्याला वीणा सांभाळायची आहे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला तुळस. स्वयंपाकाचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधी पोचलेला असतो, तंबू ठोकणारे वेगळे, पाण्याच्या टँकरचं बघणारे वेगळे. रोज सकाळी कुणी कुणाला ‘आज मी काय करू?’ असं विचारत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली, ती आजही हजारो माणसांना पंढरपुरापर्यंत नेते. आणि तिथे तक्रारीलाही जागा आहे. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारानं दंड उंचावला की सगळ्या दिंड्या शांत होतात. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथे जातात आणि म्हणणं ऐकून घेतात. टाळ वाजवणाऱ्याला कुणी कटकट्या म्हणत नाही.

ते बघून घरी आले आणि आम्ही खाती वाटली. कामं वाटण्याच्या फंदात पडलो नाही, सबंध खातीच वाटली. धाकटीची शाळा नवऱ्याकडे: निरोप, फी, गणवेश, पालकसभा, सगळं. शाळेत नंबरही त्याचाच दिला. अकरावीचा प्रवेश थोरल्याचा स्वतःचा, तारखांसकट. वाणसामान आणि दळण सासूबाईंनी हौसेनं मागून घेतलं. बँका, विमा, स्वयंपाक आणि डॉक्टर माझ्याकडे. नियम एकच, दुसऱ्याच्या खात्याची आठवण करून द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात धाकटीचा रेनकोट राहिला. माझ्या ओठांवर आलं होतं, बोलले नाही. ती आजीची छत्री घेऊन शाळेत गेली, हसत गेली. पुढचा निरोप आला तेव्हा तो मला कळायच्या आत फोटो, प्रती आणि पाकीट दप्तरात होतं.

काम तेवढंच राहिलं, पण मी सलग पुस्तक वाचलं, मध्ये उठून काही बघून न येता. ही चैन आहे असं मी मानत नाही. घरात राहणाऱ्या प्रत्येकाला आपलं डोकं काही वेळ आपल्यासाठी वापरता आलं पाहिजे.

एकट्यानं किंवा एकटीनं घर चालवणाऱ्यांना वाटून द्यायला दुसरं माणूस नसतं. म्हणून शाळा, सोसायट्या आणि कचेऱ्यांची जबाबदारी अधिक आहे. जूनमध्ये लागणाऱ्या कागदांची यादी एप्रिलमध्ये द्या. जो दाखला सरकारनंच दिलाय तो पुन्हा माणसाकडून मागू नका.

बाकीच्यांनी जूनची उजळणी याच आठवड्यात करावी. आता श्रावण लागेल. त्यामागून गौरी-गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. त्याआधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळे बसा, खाती कागदावर मांडा, प्रत्येक खात्यापुढे एकाचंच नाव लिहा. आणि आठवड्यातून एकदा टाळ वाजवायची मुभा ठेवा. वाजले तर उठून जा आणि ऐकून घ्या.